'चालून चालून सैल होतील': वॉटरप्रूफ बूट घेतानाचा माझा अनुभव

वॉटरप्रूफ बूट घ्यायला निघाले तेव्हा वाटलं होतं, अवघड भाग पाणी अडतं की नाही हे पारखण्याचा असेल. तो लवकर उरकला. प्रवासात पक्के रस्ते आणि साध्या पायवाटा, दिवसभर चालणं, त्यामुळे घोट्याच्या खालचा हलका बूट हवा हेही लगेच ठरलं. घोडं अडलं ते मापाशी. जोड पायात घालावा, तो करंगळीपाशी आवळावा, आणि दुकानात समोरच्याने खात्रीने सांगावं, "नवे आहेत, चालून चालून सैल होतील." या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण वॉटरप्रूफ बुटाच्या बाबतीत ते खरं नाही.

सैल होतं ते चामडं. साधा चामड्याचा बूट घामाने आणि उबेने मऊ पडतो, ताणतो, हळूहळू पायाचा आकार घेतो. वॉटरप्रूफ चालायच्या बुटाचा वरचा भाग मात्र बहुधा पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या कापडाचा असतो आणि त्यावर प्लॅस्टिकचे पातळ पट्टे पक्के चिकटवलेले असतात. त्याच्या आत मोज्यासारखं शिवलेलं अस्तर असतं. पाणी अडवणारा पडदा त्या अस्तरातच असतो, आणि शिवणीची भोकं टेप लावून बुजवलेली असतात. हे अस्तर ताणलं जावं म्हणून बनवलेलंच नसतं. वापराने दबतो तो लेसखालच्या जिभेचा आणि कडेचा फोम, आणि आतलं इनसोल, म्हणजे पायाखालची गादी. त्यामुळे पावलाच्या वरच्या बाजूला थोडी जागा होते, रुंदीत जवळपास काहीच होत नाही. पहिल्या दिवशी करंगळीला चावणारा बूट तिसाव्या दिवशीही चावतो. 'साच्यावर चढवून रुंद करून देतो' असं कोणी म्हटलं तर तेही नको. टेप सुटला की पाणी आत आलंच. पूर्ण चामड्याचा वॉटरप्रूफ बूट असेल तर थोडा फरक पडतो, पण त्या भरवशावर घट्ट जोड घेऊ नये.

दुसरा घोळ आकड्याचा. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर असतो. युरोपीय मापात तो सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे ६.७ मिलिमीटरच्या आसपास. दोन पट्ट्यांच्या खुणा एकमेकींवर नीट बसतच नाहीत, म्हणून प्रत्येक कंपनीचा तक्ता आपापल्या परीने जुळवून घेतलेला असतो. जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटर किंवा मिलिमीटरचा आकडा असेल तर तो बघावा. तो पावलाच्या लांबीशी थेट ताडून बघता येतो.

ती लांबी घरीच काढावी, तीही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतात. कागद भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा आणि सर्वात लांब बोटापाशी खूण करा. पेन्सिल अगदी उभी धरा. ती आत कलली की माप तीन-चार मिलिमीटरने सहज चुकतं. सर्वात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पावलं मोजून मोठ्या पावलाचं माप धरायचं.

पण लांबी जुळली तरी काम झालं असं नाही, आणि माझा सगळा वेळ इथेच गेला. पाऊल वाकतं ते चवड्यापाशी, अंगठ्याच्या मागच्या सांध्यावर. टाचेपासून त्या सांध्यापर्यंतचं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. सारख्या लांबीच्या दोन पावलांत एकाची बोटं लांब, तर दुसऱ्याची आखूड. आखूड बोटांच्या माणसाचा सांधा पुढे असतो. त्याच्या बाबतीत बूट सांध्याच्या मागे वाकतो, आणि बुटाचा सर्वात रुंद भाग जिथे असतो तिथे त्याचा चवडा नसतोच. १९२० च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी बनवलेल्या धातूच्या मापपट्टीत म्हणूनच तीन मापं घेता येतात: पूर्ण लांबी, टाच ते सांधा, आणि रुंदी. दुकानात ती पट्टी पायाखाली सरकवूनही फक्त पहिलं माप वाचतात, तेव्हा फार चीड येते. बाजूचा सरकता तुकडा सांध्याला लावून दाखवा, असं स्पष्ट सांगायचं. सांध्याचं माप लांबीपेक्षा मोठं निघालं तर त्या मोठ्या नंबरापासून सुरुवात करायची.

पट्टी नसेल तर इनसोल बाहेर काढा. चालायच्या बहुतेक बुटांचं ते सुटं असतं. जमिनीवर ठेवून, टाच त्याच्या खोलगट भागात नीट बसवून, पूर्ण भार देऊन उभं राहा आणि खाली बघा. करंगळी कडेवरून अर्ध्या नखाएवढीही बाहेर लोंबत असेल तर बुटात शिरल्यावर ती तेवढीच आत दाबली जाणार. पुढे अंगठ्यासमोर बोटाच्या रुंदीएवढी, साधारण १० ते १२ मिलिमीटर जागा दिसायला हवी. मग इनसोल परत घालून, बूट चढवून वरून बघा. चवड्यापाशी कापड सोलच्या कडेबाहेर फुगलेलं दिसलं तर तो जोड बाजूला ठेवा, मग कोणी काहीही सांगो.

रुंदीसाठी नंबर वाढवत जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. नंबर वाढला की रुंदी थोडीच वाढते, पण टाच ढगळ होते, बूट चुकीच्या जागी वाकतो आणि टाचेला फोड येतो. आधी त्याच बुटाची रुंद आवृत्ती मागावी. अमेरिकी पद्धतीत बायकांची साधारण रुंदी 'बी' आणि रुंद 'डी', पुरुषांची साधारण 'डी' आणि रुंद 'दोन ई'. म्हणजे बायकांचा रुंद जोड मिळाला नाही तर लांबी जुळवून पुरुषांचा साधा जोड घालून बघता येतो. माझी गाडी शेवटी याच वाटेने पुढे सरकली. हे आधी कोणी सुचवलं असतं तर बरेच दिवस वाचले असते. टाच किंचित मोकळी राहते, त्यावर लेसचा उपाय आहे. वरच्या टोकाला एक जादा भोक असतं. लेस त्याच बाजूच्या शेवटच्या दोन भोकांतून घालून छोटा फासा करायचा, दोन्ही टोकं समोरच्या फाशातून ओवायची, खाली ओढून घट्ट करायची आणि मग गाठ मारायची. घोटा धरला जातो आणि टाच उचलली जात नाही. पावलाच्या वरच्या हाडाला लागत असेल तर त्याच्या वरची एक फुली गाळून लेस दोन्ही बाजूंनी सरळ वर न्यायची.

बूट घालून बघायला जाताना प्रवासात घालायचे तेच मोजे न्या. जिन्याच्या किमान आठ-दहा पायऱ्या उतरा. उतारावर अंगठा पुढे टेकला तर मोठ्या चालीत नख काळं पडणार हे नक्की. आणि बूट हातात घेऊन वाकवून बघा. तो चवड्यापाशी वाकावा, मध्यावर दुमडू नये.

आता पाण्याचं. पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा मोठी असतात, म्हणून घामाची वाफ बाहेर जाते आणि पाऊस आत येत नाही. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्याने ताणून अशी सच्छिद्र झिल्ली मिळवली, तेव्हापासून हे तंत्र रुळलं. पण वरच्या कापडावर पाणी झटकणारा लेपही असतो आणि तो झिजतो. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे न घरंगळता कापडात मुरायला लागले की घामाची वाफ कोंडते आणि बूट गळत नसूनही पाय ओलसर होतो. बूट धुऊन नवा लेप फवारला की फरक पडतो. जीभ दोन्ही कडांना कापडाने किती उंचीपर्यंत जोडलेली आहे तेही बघा, पाणी तिथपर्यंतच अडतं. घोट्याखालचा बूट घालून ओढ्यात उतरलात तर पाणी वरून शिरतं, आणि मग तोच पडदा ते आत धरून ठेवतो. उष्ण हवेत सतत पाण्यातूनच चालायचं असेल तर साधा जाळीचा बूट बरा, तो लवकर वाळतो.

नवा जोड आधी घरातच फरशीवर रोज तास-दीड तास घालावा. सोल स्वच्छ राहतो, त्यामुळे न जमल्यास परत करता येतो. पाण्याची परीक्षा त्यानंतर: आत वर्तमानपत्र कोंबून जिभेच्या जोडापेक्षा कमी पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, कागद कोरडा राहिला पाहिजे.

एक राहिलंच. पॉलियुरेथेनचा मिडसोल, म्हणजे सोलच्या वरचा फोमचा थर, न वापरताही हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत आतून कुजतो आणि एक दिवस तुकडे होऊन सुटतो. म्हणून लेबलवर उत्पादनाचा महिना-वर्ष असेल तर बघावं, वर्षानुवर्षं पडून राहिलेला जोड घेऊ नये. भिजलेला बूट हीटरजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. इनसोल बाहेर काढा, लेस सैल करून जीभ उघडी ठेवा, आत कागद भरा आणि पहिला कागद तासाभरातच बदला, कारण सगळ्यात जास्त पाणी तोच शोषतो.