कडेवर

लेक चार महिन्यांची झाली आणि माझं डावं मनगट बोंबलायला लागलं. मग रात्री दोनला तिला पाजता पाजता मोबाईलवर बेबी कॅरिअर शोधणं सुरू झालं. स्ट्रोलरचा विषयच नव्हता, आमच्या गल्लीतल्या फुटपाथवर अर्ध्यात वडापावची गाडी आणि अर्ध्यात स्कूटर, चाकं फिरवणार कुठे?

मला वाटलेलं कॅरिअर म्हणजे पट्टेवाली पिशवी, घातली की झालं. तर रॅप, रिंग स्लिंग, बकलवालं, त्यात परत कंबरपट्टा असलेलं नसलेलं, साडीखरेदीला पण एवढी चिकित्सा केली नव्हती मी. मैत्रिणीने तिचा रॅप दिला, जवळजवळ पाच मीटर कापड. आधी पाच किलो तांदळाची पिशवी बांधून सराव केला, जमलं, पण पुण्यातल्या मे महिन्यात तेवढं कापड गुंडाळून तांदूळ सोडून आम्ही सगळे घामाने चिंब. गेला परत. बारशाला एक आलेलंच होतं, पण त्याची बैठक इतकी अरुंद की लेकीचे पाय दोरीवरच्या पायजम्यासारखे लोंबायचे. डॉक्टर म्हणाल्या, मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा, गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर, म्हणजे इंग्रजी एम अक्षरासारखं, नाहीतर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, खाली दोन बोटं जागा पाहिजे, कारण एवढ्याशा बाळाची मान पुढे मुडपली तर श्वास अडकू शकतो. नाकातोंडावर कापड नको, आणि आपण मान खाली केली की तिच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे (हे सगळ्यात आवडलं).

सासूबाईंना अर्थातच पटलं नाही. "पाय फाकतील पोरीचे, उद्या फेंगडी चालेल!" हे बोलताना लेक त्यांच्याच कडेवर, एक पाय पोटाकडे, एक पाठीकडे, गुडघे वर. मी ओरडलेच, आई, हाच तो एम!

"एम कसला, कडेवर घेतलंय तिला."

त्यावरूनच मग रिंग स्लिंग घेतली, कारण ती म्हणजे कड आणि पदरच की, फक्त खांद्याजवळ दोन कड्या. नवऱ्याला मात्र ती झेपेना, कापड सरळ करण्यात त्याचा अर्धा तास जायचा, म्हणून त्याच्यासाठी रुंद बैठकीचं बकलवालं. ते घालून पर्वतीच्या 103 पायऱ्या चढला पठ्ठ्या, पण वर गेल्यावर मानेमागचं बकल सुटेना, शेवटी एका अनोळखी काकूंनी सोडवलं आणि वर "गुदमरत नाही का हो ते?" हेही विचारून घेतलं.

परवा बघते तर सासूबाई स्लिंगमध्ये लेकीला घेऊन कोथिंबीर आणायला निघालेल्या. मी दारातच दोन बोटं घालून लेकीची हनुवटी तपासली, तर त्यांनी स्वतःची पुढे केली. "माझीपण बघ."