ताळा न जुळणारं काम

सहकारी बँकेत उभी हयात गेली. आधी कॅश काउंटर, मग कर्ज विभाग, शेवटी शाखाधिकारी. संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्तीनंतर जलरंग शिकायला घेतले आणि या सवयीनेच सगळ्यात जास्त छळलं.

तैलरंगात वरून पुन्हा रंग चढवता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. उजेड आधी राखून ठेवायचा, गडद शेवटी. त्यातून ओला असताना झकास दिसणारा रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून सुरुवातीलाच थोडा दाट घ्यायचा. डोक्याला सगळं पटायचं, हात ऐकायचा नाही. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकला की कुठेतरी एखादा ठिपका खटकायचा आणि मी ब्रश घेऊन तो सारखा करायला जायचे. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाणी शिरलं की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटते. पहिल्या वर्षी माझ्या आकाशात त्याचं भरघोस पीक आलं.

शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना सर म्हणते, ते मला काकू. त्यांचं एकच पालुपद: "काकू, हात मागे घ्या. आता पाण्याला काम करू द्या." मला हात मागे घ्यायला शिकायला जेवढा वेळ लागला, तेवढा रेखाटन शिकायलाही लागला नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एक सांगते. रंग साधे चालतील, कागदात काटकसर नको. कार्ट्रिज पेपर, म्हणजे साधा ड्रॉइंगचा कागद, पाणी पडताच फुगतो आणि दोष आपल्याला आपल्या हाताचा वाटतो. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद महाग आहे खरा, पण 22 × 30 इंचांच्या एका तावाचे चार तुकडे होतात, आणि बिघडलेल्या चित्राची पाठ सरावाला असतेच. पेन्शनमध्ये बसतं. रंगांच्या ट्यूबांचा सेट घेण्याचीही गरज नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोनच रंगांतून किती करडे निघतात! निळा चढा ठेवला की पावसाळी ढग, तांबूस चढा ठेवला की उन्हातला काळा दगड.

त्या दगडासाठी आम्ही वाईजवळ मेणवलीला जातो. कृष्णेचा घाट, मागे नाना फडणविसांचा वाडा, आणि 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती पोर्तुगीज घंटा. मे महिन्यात तिथे वॉश कागदाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरचा वाळून जातो. जुलैत उलट, चित्र घरी येईपर्यंत ओलं.

मग प्रदर्शनाची टूम निघाली. ग्रुपमधल्या तरुण मुलांना मुंबईचं जहांगीर कलादालनच हवं होतं. तिथे निवड झाली तरी पाळी यायला वर्षं लागतात. तिशीतल्या माणसाने खुशाल थांबावं, मी पुण्यातल्या बालगंधर्व कलादालनाच्या बाजूने मत दिलं. चित्रांपेक्षा माउंट, फ्रेम आणि काचेचा खर्च जास्त झाला. किमती चौरस इंचाच्या दराने ठरवल्या, हा भाग मला फार आवडला.

उद्घाटनाला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी रवींद्रनाथांचा दाखला दिला. तेही साठीच्या आसपास चित्रांकडे वळले आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन झालं, वगैरे. ऐकायला बरं वाटतं. पण ते रवींद्रनाथ होते आणि मी कर्जाच्या फायली तपासत होते, एवढा फरक लोकांनी ठेवावा. एक गृहस्थ म्हणाले, "हौसेची चित्रं ना तुमची, मग दर एवढा कसा?" कर्ज विभागात घासाघीस करणारे पुष्कळ पाहिले आहेत. मी हसून त्यांना पुढच्या चित्राकडे नेलं, त्याची किंमत अजून जास्त होती. "हे तर कॅलेंडरसारखं दिसतंय," असं यांनी कानात सांगितलेलं मेणवलीचं चित्र सगळ्यांत आधी गेलं. तेव्हापासून घरातली समीक्षा जरा मवाळ झाली आहे.

सध्या माणसं काढायला शिकते आहे. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका सर दोन फटकाऱ्यांत उभ्या करतात. माझ्या अजून पायऱ्यांना चिकटूनच बसतात. थंडीत पुन्हा मेणवलीला जायचंय, तोवर त्या उठल्या पाहिजेत.