युगांडात मच्छरदाण्या पोचवताना, माझा अनुभव

२०२० मध्ये मी कंपालात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरीला होतो, तेव्हा सरकारी मच्छरदाणी वाटपातलं थोडं काम आमच्याकडे आलं. पैसा ग्लोबल फंड, अमेरिकी सरकारची मलेरियाविरोधी योजना पीएमआय, अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन असा सगळ्यांचा मिळून, वाटप युगांडाच्या आरोग्य खात्याचं, आम्ही आपले मधले गाडीवाले. देशभरात अडीच कोटीच्या वर जाळ्या वाटायच्या होत्या, त्यातले दोन-तीन जिल्हे आमचे.

ट्रक चालवणं सोपं हो, खरा वेळ खाल्ला चलानांनी, म्हणजे मालासोबतच्या पावत्यांनी. माल एका गोडाऊनमधून दुसऱ्यात गेला की जाळ्यांच्या गाठी, म्हणजे बांधलेले गठ्ठे, परत मोजायच्या, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, गाठ फाटलेली असली तर आतल्या जाळ्या सुट्ट्या मोजून शेरा मारायचा, आणि हे सगळं पावसात, ट्रक चिखलात रुतलेला, अंधार पडत आलेला, ड्रायव्हर उपाशी, तरी स्टोअरकीपर शांतपणे म्हणणार परत मोजा. पण जाळ्या बाजारात विकायला निघाल्या तर माल नेमका कुठे गळाला ते त्या सह्यांवरूनच सापडतं, ऑडिटवाले पण तेच बघतात.

हिशोब पण मजेशीर आहे. नियम दोन माणसांमागे एक जाळी, म्हणजे ५० हजार लोकांना २५ हजार पुरायला हव्यात ना? नाही पुरत. घरात पाच जण असले तर तीन द्याव्या लागतात, अर्धी काय फाडून देणार! म्हणून डब्ल्यूएचओ मागणी काढताना लोकसंख्येला १.८ ने भागायला सांगते, ५० हजाराला जवळपास २८ हजार.

याद्या व्हीएचटी करतात, आपल्या आशाताईंसारखे गावातलेच लोक, घरोघर फिरून. सोबत एलसी-वनचा चेअरमन, म्हणजे गावचा सरपंचच समजा. एकाची दोन बायकांची दोन घरं, दोन्हीकडे यादीत नाव. चेअरमनसाहेबांनी विचारलं, रात्री एकाच जाळीत झोपतोस ना? एक नाव कटलं, सगळे हसले, तो पण हसला.

आधीच्या मोहिमांत लोक एका जागी जमून जाळ्या न्यायचे, यावेळी करोनामुळे दारोदार. ट्रक जिथे थांबेल तिथून पुढे बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, मागे गाठ बांधून. व्हीएचटींचा भत्ता मात्र लटकला, कुणामुळे ते जाऊदे, पण उन्हात फिरणाऱ्याचेच पैसे शेवटी का, हा माझा राग अजून आहे.

या जाळ्यांना डास मारायचं औषध लावलेलं असतं. काही जिल्ह्यांना पीबीओवाल्या, म्हणजे त्या औषधाचा जोर वाढवणारं रसायन घातलेल्या, जाळ्या होत्या, कारण नेहमीच्या औषधाला तिथले डास दाद देईनात. नवी जाळी आधी दिवसभर सावलीत पसरून ठेवायची, नाहीतर अंगाची, डोळ्यांची आग होते, हे प्रत्येक दारात सांगायचं. तरी कुणीतरी त्याच रात्री टांगणारच.

उरलेल्या गाठी आम्ही जिल्ह्याच्या स्टोअरला परत नेल्या, गरोदर बायका दवाखान्यात तपासणीला आल्या की त्यांना द्यायला. त्यांचंही चलान झालंच, आणि हो, परत मोजून.