पाचव्या मजल्यावरची पडवी

सासूबाईंची अट एकच होती. दार उघडल्या उघडल्या सगळं घर उघडं पडता कामा नये. त्या गुहागरकडच्या. तिकडे अंगण, पडवी, ओटी, माजघर असं घर टप्प्याटप्प्याने आत जातं आणि कोणी कुठवर यायचं ते न सांगता कळतं. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कुरियरवाल्याला दारातूनच फ्रीजवरची औषधं दिसायची.

फ्लॅट सर्वांत वरचा. लागून छोटी गच्ची, पण तिचं दार आमच्या बेडरूममधून. त्यामुळे तिथे नुसते कपडे वाळायचे. आर्किटेक्टने पहिल्याच भेटीत वाड्यांचे फोटो दाखवले: कोरीव खांब, पितळी कड्या. मी म्हटलं, नको. ज्या खांबांवर काहीच पेललेलं नाही ते खांब म्हणजे नाटकाचा सेट. मला दार, बसायची जागा, स्वयंपाकघर आणि तिथून थेट गच्ची अशी वाट हवी होती.

बिल्डिंग आरसीसीची, म्हणजे सगळा भार उभ्या कॉलमवर आणि आडव्या बीमवर, त्यामुळे कॉलम-बीमला हात न लावता आतल्या साडेचार इंची भिंती हलवता आल्या. अर्थात इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी आधी. दाराशी आता शहाबादी फरशीची पडवी आहे: कडाप्प्याचा कट्टा, खाली चपला, मागे कमरेएवढी भिंत आणि वर लाकडी गज. इस्त्रीवाला, शेजारच्या काकू, मुलांचे मित्र, सगळे तिथेच टेकतात. काकूंचा चहाही तिथेच होतो.

आधी मात्र डोक्यावरचा स्लॅब. पावसात ओल, आणि उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी उष्णता खाली सोडायचा. वरची गच्ची सामाईक, म्हणून वर्गणी काढताना नाकी नऊ आले. तळमजल्यावाले विचारत, आमचा काय संबंध? शेवटी जुना थर फोडून नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर झाला, पाण्याला नीट उतार दिला आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे बसले. पांढऱ्यावरून ऊन परततं. यंदाच्या मे महिन्यात पंख्याखाली झोप लागली.

खरा वाद मातीवरून झाला. सासूबाईंना आमच्या गच्चीत केळ लावायची होती. इंजिनिअरने गणित मांडलं: अशा गच्चीवर माणसं-सामान मिळून चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात, आणि फूटभर ओली माती एकटीच ५०० किलोच्या वर जाते. केळ बारगळली. अळू आणि गवती चहा कुंड्यांत आले, त्या कुंड्याही खाली बीम आहे त्याच ओळीत. नैवेद्याला केळीचं पान विकत आणलं की मला अजून दोन शब्द ऐकावे लागतात.

आता नवऱ्याला गच्चीवर पत्रे टाकून आणखी एक खोली काढायची आहे. महापालिकेच्या मंजुरीशिवाय ते बेकायदा आहेच, पण मंजुरी मिळाली तरी माझा नकार. वर आभाळ नसेल तर अंगण कसलं? या खेपेला सासूबाई माझ्या बाजूने आहेत.