सडा-बॉक्स, पुढचा भाग: पेटीत देशी प्राणी नाही, गडगा मात्र उभा राहतोय

सडा-बॉक्स म्हणजे सड्यासारखी, जांभ्याच्या पठारासारखी, आतून सजवलेली माझी काचेची पेटी. तिच्यात देशी सरडा किंवा पाल जाणार नाही. हे आता पक्कं आहे, आणि पेटी इतकी मनासारखी झाल्यावर हे लिहिताना जड जातंय.

मागच्या वेळी पेटी तयार होती. चार बाय दोन बाय दोन फूट, मागे जांभ्याच्या चिपांची भिंत, बास्किंगच्या (ऊन खायच्या) दगडावर टेम्प गन, म्हणजे तापमान मोजायची बंदूक, ४० अंश दाखवत होती आणि थंड कोपऱ्यात २७. थर्मोस्टॅट रात्रभर एका अंशाच्या आत राहिला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं होतं. आत काय सोडणार, असं तुम्ही विचारत होतात. मनात दोनच नावं होती: आपल्याकडच्या खडकाळ झुडपी रानातला फस्कस, म्हणजे देशी लेपर्ड गेको पाल, नाहीतर सारडा सुपर्बा, सड्यावरचा रंगीत गळ्याचा सरडा.

फस्कससाठी एका विक्रेत्याचा निरोप आला. पिल्लू आहे, सीबी (पैदाशीतलं) आहे. मी आईबापांचे फोटो मागितले आणि अंडी कोणत्या तापमानाला उबवली ते विचारलं. लेपर्ड गेकोची पैदास करणाऱ्याला ते तोंडपाठ असतं, कारण पिल्लू नर होणार की मादी हे त्या तापमानावरच ठरतं. उत्तर आलं, "ताई, एकदम हेल्दी आहे, घेऊन टाका." फोटोत शेपटी सुतळीएवढी, बोटांना जुनी कात अडकलेली. माझ्या लेखी हे डब्ल्यूसी, म्हणजे रानातून पकडलेलं. त्यात लेपर्डच्या पिल्लांना पट्टे असतात आणि वाढताना ते मोडून ठिपके होतात, म्हणजे मॅक्युलॅरियसचं (बाजारात नेहमी मिळणाऱ्या लेपर्ड गेकोचं) पिल्लू म्हणून फस्कस खपवणं अवघड नाही. मी नाही म्हटलं.

तिथून कायद्याच्या मागे लागले ते अजून त्यातच आहे.

१९७२ चा वन्यजीव कायदा २०२२ मध्ये बदलला आणि बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. शेड्युलांची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांची, मांडणीच नवी झाली: पहिल्या दोनांत प्राणी, तिसऱ्यात वनस्पती, चौथ्यात साइट्सच्या (वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) याद्यांतले जीव. घोरपड पहिल्या शेड्युलमध्ये आहे, तिथे चर्चेला जागाच नाही. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. आधी हा किमान दंड १० हजार होता.

मला अडवलं ते कलम २ मधल्या शिकारीच्या व्याख्येनं. शिकार म्हणजे मारणं, एवढंच आपण धरून चालतो. कायद्यात पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही शिकारच. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी हलवणं किंवा घरटं विस्कटणंही त्यातच येतं. "पकडू नका, अंडी आणून उबवा" हा सल्ला आपल्यात फिरतो, तो शेड्युलमधल्या प्राण्यांना लावला तर सरळ गुन्हा आहे.

मग नेहमीचा मुद्दा येतो की अमुक प्रजातीचं नाव यादीत नाही, म्हणजे चालतं. यावर मी बऱ्याच रात्री घालवल्या. याद्या नावांवर चालतात आणि आपल्या प्राण्यांची नावं सतत हलतात. जुन्या यादीत शॅमेलिऑन 'कॅल्कॅरेटस' म्हणून होता, तर अभ्यासक त्याला झेलॅनिकस म्हणतात. सांडा यादीत युरोमॅस्टिक्स होता, पुढे तो सारा झाला. सारडा हा वंशच २०१६ मध्ये सिटानापासून वेगळा काढला गेला. पेटीतल्या जिवाचं नाव उद्या बदललं तर कागदावर तो कुठे बसतो, हे ठरवत बसायची माझी तयारी नाही. शिवाय अभयारण्यातून कोणताही वन्य जीव काढून नेणं कलम २९ रोखतं, आणि तिथे शेड्युलचा प्रश्नच येत नाही. कोयना अभयारण्यातून पाल आणून 'यादीत नाही' म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

कलम ३९ मधली एक गोष्ट तुमच्यापैकी प्राणी वाचवणाऱ्यांसाठी. जखमी घोरपड बरी करायची म्हणून घरी ठेवणारे मला माहीत आहेत, आणि त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि ताब्यात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आपल्याकडे वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. आधी तिथे फोन करा, मग हळद शोधा.

सुपर्बाचा विचार मात्र मी कायद्याआधीच सोडला होता, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर जाऊन आल्यावर. पावसाळ्याआधीच्या उन्हात नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो, आणि दुसरा नर लांबच्या दगडावरून उत्तर देतो. त्याच पठारावर पवनचक्क्यांचा एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये आला. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी कमी फिरकतात, म्हणून तिथे सुपर्बा जास्त सापडले, माणसाला जवळ येऊ देणारे आणि अंगात ताणाचं संप्रेरक कमी असलेले. पण नरांचे रंग तिथे फिके. एवढ्या मोठ्या मोकळ्या पठारावर आजूबाजू बदलली तर रंग उतरतो. चार फुटांच्या काचेत आपण नक्की काय ठेवणार होतो?

ऑस्ट्रेलियात चित्र उलटं आहे. तिथे परदेशी सरपटणारे प्राणी घरी पाळायला बंदी आणि देशी ब्लूटंग, निळ्या जिभेची मोठी सापसुरळी, बहुतेक ठिकाणी परवान्यावर मिळते, तीही सहसा पैदाशीतली. आपल्याकडे अशी सोय व्हावी असं मला मनापासून वाटतं. नोंद असलेले पैदासकार असतील तर डब्ल्यूसीचा बाजार तरी आटेल. ती होईपर्यंत माझी पेटी देशी प्राण्याविना राहील.

आता चांगली बातमी. मिरचीचं, माझ्या हिरव्या इग्वानाचं, नोंदणी प्रमाणपत्र आलं! हिरवा इग्वाना साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणून आपल्या चौथ्या शेड्युलमध्ये, म्हणून नोंदणीचं कलम ४९एम आणि २०२४ चे नियम. अर्ज केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे. ज्यांनी अजून केलं नाही त्यांनी लगेच करा. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याकडे गेला किंवा दगावला तरी कळवायचं असतं. २०२० मधली ऐच्छिक नोंद केली होती म्हणून जुने कागद हाताशी होते आणि काम सोपं झालं. प्रिंट काढून तिच्या खोलीच्या दारावर लावलीय.

हे लिहायला बसले तेव्हा पेटी विकायचा बेत होता. आता तो बदलतोय. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, मिरचीकडे जाईल. ही ट्यूब खरी निघाली, मित्राच्या सोलरमीटरवर, म्हणजे ते किरण मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलीय. त्याआधी ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त 'यूव्हीबी' बल्बने मीटर हललाच नव्हता. मीटरवर बघितल्याशिवाय कोणत्याही बल्बवर विश्वास ठेवू नका. आणि जांभ्याच्या चिपा काढून अंगणात चालल्या.

कारण अंगणात गडगा रचायला घेतलाय. सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. लांब बाजू पूर्वेला ठेवली, सकाळचं पहिलं ऊन तिथे पडतं. खालच्या थरात बोटभर फटी, वर अरुंद. पेटीत हाइड (लपायची जागा) आणि बास्किंगची जागा जितक्या जवळ ठेवतो तितक्याच जवळ इथेही ठेवल्या. आणि सापसुरळी आली! अर्धाच थर झाला होता, ती वरच्या दगडावर पसरली, ऊन खाल्लं आणि फटीत शिरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच, शेपटीचं टोक नवं उगवलेलं असल्यामुळे ओळखू आली. तिला कुणी पकडलेलं नाही, ती हवं तेव्हा जाते, आणि टेम्प गनवर तिचा दगड मला रोज मोजता येतो.

कॅमेऱ्यासमोर डुबियाची, सरड्यांना खाऊ म्हणून देतात त्या झुरळांची, ताटली ठेवायचा विचार होता. तो रद्द. आमिषाचं कलम वाचल्यावर नकोसं वाटलं, आणि डुबिया परदेशी झुरळं आहेत, ती अंगणात निसटायला नकोत. त्यापेक्षा गडग्याच्या पायाशी पालापाचोळा साचू देते, किडे आपोआप येतील.

अडलंय ते फटींवर. पाली आणि सापसुरळ्या दोघांना चालेल, पण मांजराचा पंजा जाणार नाही, अशी खोली किती ठेवायची? पावसात खालचा थर पाणी धरतो का? कोकणातल्या ज्यांच्या घरी जुने गडगे आहेत त्यांनी फटींची मापं आणि दिशा लिहून पाठवा. दुसरा थर तोवर मी रचत नाही.