सतरा गठ्ठे ‘संकीर्ण’: अभिलेख व्यवस्थापनाची परीक्षा देताना

आमच्या अभिलेख कक्षात तिसऱ्या रॅकवर सतरा गठ्ठे होते आणि सतराच्या सतरा गठ्ठ्यांवर एकच शब्द लिहिलेला होता: ‘संकीर्ण’. एका निवृत्त कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक मी नऊ दिवस शोधत होते. शेवटी ते अकराव्या ‘संकीर्ण’मध्ये निघालं, फर्निचर दुरुस्तीच्या दोन नस्तींच्या मध्ये दबलेलं. सापडलं म्हणून साहेबांनी कौतुक केलं. मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं, कारण मधल्या काळात ते गृहस्थ चार वेळा येऊन बाकावर बसून गेले होते.

तेव्हा मला या कामात सात वर्षं झाली होती. शिक्षण म्हणाल तर आधीच्या लिपिकांनी जाता जाता दिलेला एकच मंत्र: “काही टाकू नकोस. आज टाकलंस की उद्या तेच मागतात.” शिवाय दोन-दोन दिवसांच्या प्रशिक्षणांची पाच प्रमाणपत्रं होती. ती हजेरीची असतात. शेवटपर्यंत बसलात, एवढंच त्यांतून सिद्ध होतं. मला काय येतं आणि काय येत नाही, हे तिऱ्हाइताकडून तपासून घ्यायचं होतं. म्हणून इन्स्टिट्यूट ऑफ सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर्स या संस्थेची परीक्षा द्यायचं ठरवलं. ही संस्था १९७५ पासून आहे आणि तिची ‘सीआरएम’ (सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर) ही पदवी नावापुढे लावता येते. पदवी म्हणजे इथे विद्यापीठाची नव्हे, व्यावसायिक प्रमाणन.

परीक्षेचे सहा भाग आहेत. पहिले पाच बहुपर्यायी, प्रत्येकी शंभर प्रश्नांचे. सहावा लेखी, आणि पाचही पार केल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. सगळं पाच वर्षांत उरकायचं. अर्ज करताना शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव दोन्ही दाखवावे लागतात. माझ्या नेमणुकीच्या आदेशावर ‘अभिलेख’ हा शब्दच नव्हता, ‘लिपिक’ एवढंच होतं. त्यामुळे सात वर्षांत नेमकं काय केलं याचं वर्णन लिहायला तीन रविवार गेले. वाचणाऱ्यांपैकी कुणाला अर्ज करायचा असेल तर हे काम आधी हातात घ्या.

पहिले पाच भाग हव्या त्या क्रमाने देता येतात. मी दुसरा, तिसरा, चौथा आधी घेतले. अभिलेख तयार होणं, साठवण आणि शोध, मूल्यमापन आणि विल्हेवाट असे ते तीन विषय. हे तीन पार केले की ‘सर्टिफाइड रेकॉर्ड्स ॲनालिस्ट’ हे मधलं प्रमाणन मिळवता येतं. पुढे दम लागला तरी हात रिकामे राहायला नकोत, असा माझा हिशेब.

अभ्यासाला बसले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की कक्षातल्या निम्म्या कागदांना अभिलेख म्हणताच येत नाही. उत्सुकता म्हणून एक परिपत्रक धरून मोजत गेले. त्याच्या तेवीस प्रती निघाल्या, वेगवेगळ्या नस्त्यांत, काहींवर चहाचे डाग, एकीवर कुणाचा तरी फोन नंबर. ज्या शाखेने ते काढलं तिची प्रत हाच अभिलेख. बाकी बावीस सोयीच्या प्रती, काम झालं की जायच्या. आम्ही बावीसही शिवून, क्रमांक घालून जपल्या होत्या.

चौथ्या भागाने मला खरं हलवलं. आमच्याकडे नस्तीच्या मुखपृष्ठावरचं साल बघायचं आणि तिथून वर्षं मोजायची, अशी रीत. पुस्तक म्हणतं, घड्याळ कधी सुरू होतं ते आधी विचारा. समजा कोणता कागद किती वर्षं जपायचा त्या तक्त्यात लिहिलंय, ‘करार संपल्यापासून ६ वर्षं’. करार २००९ मध्ये झाला आणि पंधरा वर्षांचा असेल तर तो संपतो २०२४ मध्ये, नस्ती जपायची २०३० पर्यंत. आमच्या रीतीने ती २०१५ मध्येच नष्ट झाली असती, करार चालू असताना! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही काही टाकतच नव्हतो म्हणून वाचलो होतो, आणि ते वाचणंही योगायोगाचं. शिवाय मुदत संपली तरी न्यायालयीन प्रकरण किंवा चौकशी सुरू असेल, तर नष्टीकरण तिथल्या तिथे थांबवायचं. हे मला माहीत होतं, पण ते थांबवलंय हे लिहून कुठे ठेवायचं आणि उठवायचं कुणी, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मुदत संपलेले कागद काढून टाकायच्या कामाला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: निंदणीकरण. निंदणी म्हणजे पिकातलं तण काढणं. सात वर्षं मी हा शब्द टिपणीत लिहीत होते आणि शेतात एकदाही वाकले नव्हते.

तिसऱ्या भागात मोजमापं भरपूर. ‘एक घनफुटाची’ म्हणतात ती अभिलेखपेटी १५ × १२ × १० इंचांची असते. गुणाकार केला तर १८०० घनइंच येतात, खरा घनफूट १७२८ चा. असल्या गोष्टी मला उगाचच आवडतात. पण त्याच भागातलं एक प्रकरण वाचताना अंगावर काटा आला. जुन्या ॲसिटेट फिल्मचा प्लॅस्टिकचा आधार विघटित होऊ लागला की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि व्हिनेगरसारखा वास येतो. आमच्या कक्षाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला तसाच आंबूस वास होता. मागे उंदीर मेला असेल म्हणून आम्ही दोनदा कपाट सरकवून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. मायक्रोफिल्मचे, म्हणजे कागदांच्या बारीक छायाचित्रांच्या रिळांचे, एकोणीस डबे. वास तपासायला नाक पुरेसं होतं, तरी रीतसर चाचणीपट्ट्या मागवल्या. त्या निळ्या असतात, आम्ल वाढत जाईल तशा हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. दिवसभर बंद डब्यात ठेवल्या आणि काढल्या तेव्हा सहा पिवळ्या झाल्या होत्या. एका डब्यातली फिल्म कडेला लाटेसारखी वळली होती. सुटलेली वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते, म्हणून ते सहा डबे त्याच संध्याकाळी वेगळ्या खोलीत नेले. नीट प्रक्रिया केलेली, पॉलिस्टरवरची सिल्व्हर फिल्म योग्य हवेत ५०० वर्षं टिकेल असं मानलं जातं. आमची ॲसिटेटवरची होती, आणि ती कशावर आहे हे विकत घेतानापासून कुणी पाहिलंच नव्हतं. परीक्षेत हाच प्रश्न आला असता तर मी डोळे मिटून सोडवला असता.

पाचवा भाग तंत्रज्ञानाचा. मला याची धास्ती होती, पण सवयीने तो सोपा वाटायला लागला, कारण प्रश्न शेवटी तेच असतात: हा मूळ आहे का, यात कुणी बदल केलाय का, उद्या उघडेल का. अभिलेख व्यवस्थापनाचं आयएसओ १५४८९ हे आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारलं गेलं. त्यात अभिलेखाचे चार गुण सांगितलेत: अस्सलपणा, विश्वासार्हता, अखंडता आणि वापरण्याजोगं असणं. चौथ्याची किंमत मला एका जुन्या सीडीने शिकवली. फाइल उघडली, पानं मोजली तर बरोबर भरली, पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट त्या संगणकाबरोबरच भंगारात गेला होता. पीडीएफ/ए या जतनाच्या स्वरूपात फॉन्ट फाइलच्या पोटातच ठेवायची सक्ती का आहे, हे मग पाठ करावं लागलं नाही.

पहिला भाग व्यवस्थापनाचा. त्याबद्दल एवढंच सांगते, की पास झाले.

सहाव्यात नापास झाले. प्रश्न काय होता ते सांगत नाही, पण धाटणी अशी, की एका संस्थेची अवस्था समोर ठेवतात आणि तुम्ही उपाय सुचवायचा. मी सुटले ती सुटलेच. पेट्यांची मापं, फिल्मची रसायनं, मानकाचे चार गुण, जे जे येत होतं ते सगळं ओतलं. निकाल आला तेव्हा महिनाभर कुणाला सांगितलं नाही. मग आमच्या अधीक्षक मॅडमना तसाच एक सराव-उत्तराचा कागद दाखवला. त्यांचा या परीक्षेशी काही संबंध नाही, पण हजारो टिपण्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. त्यांनी चष्मा वर केला, पाच पानं चाळली आणि विचारलं, “अगं, यात साहेबांनी सही कशावर करायची?”

खरंच, सही करण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. किती पैसे, किती माणसं, आधी काय, नंतर काय, आणि नाही केलं तर कोणता धोका, यातलं काही मी लिहिलंच नव्हतं. गंमत म्हणजे उत्तरपत्रिकाही मी कक्षासारखीच भरली होती, काहीच न टाकता. पुढचे चार महिने रोज एक काल्पनिक प्रकरण घेऊन दोन पानांत टिपणी लिहायची, प्रस्ताव पहिल्या परिच्छेदात, असा नेम केला. मॅडम जेवणाच्या सुट्टीत लाल पेन घेऊन बसायच्या. “हे छान आहे, पण काढ,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या खेपेला सहावा भाग पार झाला.

प्रमाणन टिकवायला दर पाच वर्षांत १०० गुणांचं शिक्षण दाखवावं लागतं, म्हणजे वह्या काही अजून माळ्यावर टाकता येत नाहीत.

निकालानंतर पहिलं काम सतरा गठ्ठ्यांचं. प्रत्येक कागद कोणत्या कामातून जन्मला ते बघून त्याच्या मालिकेत लावला. मुदत संपलेल्यांची यादी केली, शाखांकडून लेखी संमत्या घेतल्या, कुठे प्रकरण न्यायालयात नाही ना हे विचारून घेतलं. अकरा आठवडे लागले. नष्टीकरणाच्या प्रमाणपत्रावर सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. यंत्रातून शेवटची पेटी जाईपर्यंत उभी राहिले, कारण साक्षीदार म्हणून खाली माझंच नाव होतं.

तिसरा रॅक पुसून घेतला आणि घरी गेले. सोमवारी आले तर मधल्या फळीवर कुठल्याशा शाखेने दोन गठ्ठे आणून ठेवले होते, नव्या पांढऱ्या सुतळीने बांधलेले. वर चिठ्ठी होती, अक्षर वळणदार: ‘संकीर्ण’. मी खुर्ची ओढली आणि पहिल्याची गाठ सोडायला घेतली.