खटकतं एकीकडे, चुकलेलं असतं दुसरीकडे: एका तैलव्यक्तिचित्राची दुरुस्ती

चार सिटिंग (मॉडेलला समोर बसवून रंगवण्याच्या बैठका) झाली होती. कॅनव्हास १८ बाय २४ इंच, डोक्यापासून हनुवटीपर्यंत चेहरा ८ इंच, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा किंचित लहान. समोर सत्तरीच्या आजी: जांभळं लुगडं, ठसठशीत कुंकू, नाकात मोत्याची नथ. प्रकाश माझ्या डाव्या हाताच्या उत्तरेकडच्या खिडकीतून. चेहरा तीनचतुर्थांश, आजींच्या उजवीकडे वळलेला. म्हणजे डावा गाल, डावा कान आणि नथ माझ्याजवळ, पण अर्ध्या छायेत. चित्र आजींसारखं दिसत होतं, पण आजी दिसत नव्हत्या. अशा वेळी एकट्याने रंग लावत राहिलं की चित्र फक्त जड होत जातं. म्हणून ते रविवारी एकत्र काम करणाऱ्या आमच्या चौघा-पाचजणांसमोर ठेवलं.

चित्र दाखवण्याचीही रीत असते. ज्या प्रकाशात रंगवलं त्याच प्रकाशात ईझल लावलं. ओल्या भागांची चकाक डोळ्यांवर येऊ नये म्हणून वरची कड थोडी पुढे झुकवली आणि सगळ्यांना दहा फुटांवर उभं केलं. माझ्याकडून एकही खुलासा नाही. ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की ‘छान’ एवढंच हाती लागतं. म्हणून दोनच प्रश्न विचारले: नजर आधी कुठे जाते, आणि कुठे अडकते? उत्तरं चित्राच्या छापील फोटोवर पेन्सिलीने त्या त्या जागी लिहून घेतली. फोटो मात्र तीन मीटरवरून झूम करून काढलेला हवा. मोबाइल जवळ धरून काढला तर कडा वाकतात आणि नसलेला दोष दिसायला लागतो.

पाच शेरे मिळाले. ‘डोळे दोन दिशांना बघतायत.’ ‘रंग मळलाय.’ ‘कातडी राखट दिसते.’ ‘नथ चिकटवल्यासारखी आहे.’ ‘केस टोपासारखे बसलेत.’ पाचही खरे होते. पण बघणारा बोट ठेवतो ते जिथे दुखतं तिथे, आणि दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा शेजारी असतं. शेरा जसाच्या तसा अमलात आणला की दुरुस्ती वाया जाते. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी ड्रॉइंग, मग टोन (कुठे किती उजळ, किती गडद), मग रंग, मग कडा आणि दागिने सगळ्यात शेवटी. नथ सुंदर करून ठेवली आणि नंतर नाकच दोन मिलिमीटर सरकवावं लागलं तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

डोळ्यांपासून सुरुवात केली आणि तिथेच चुकलो. बुबुळं सरकवून पाहण्यात एक पूर्ण सकाळ गेली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिल्पकला शिकलेल्या आमच्या सरांनी मागून येऊन एवढंच म्हटलं, “डोळा सोड, हाड मोज.” हात ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून ब्रशच्या दांड्यावर माप घेतलं. एकक धरलं जवळच्या डोळ्याची रुंदी. आजींच्या चेहऱ्यावर कुंकवाच्या मध्यापासून पलीकडच्या कपाळाच्या कडेपर्यंतचं अंतर सव्वा डोळा भरलं. चित्रात ते जवळजवळ एक पूर्णांक चार दशांश होतं. प्रत्यक्ष कॅनव्हासवर हा फरक ४ मिलिमीटरचा.

पलीकडचा गाल बाहेर गेल्यामुळे त्या बाजूच्या डोळ्याला बाहेरच्या कोपऱ्यात नको इतका पांढरा भाग मिळाला होता. बाहेरचा पांढरा वाढला की बुबुळ नाकाकडे वळल्यासारखं दिसतं. तीनचतुर्थांश चेहऱ्यात पलीकडच्या डोळ्याचा आतला कोपरा नाकाच्या मुळाआड आणि बाहेरचा कोपरा डोळ्याच्या खोबणीच्या वळणाआड जातो आणि डोळा अरुंद दिसतो. मी दोन्ही डोळे सारख्याच रुंदीचे काढले होते, कारण मेंदूला डोळे सारखे असल्याचं माहीत असतं आणि हात मेंदूचं ऐकतो. कुंकवाची इथे मोठी मदत होते. कुंकू, नाकाचा शेंडा, वरच्या ओठाची खाच आणि हनुवटीचा मध्य यांतून चेहऱ्याची मधली रेषा जाते. कुंकू गोल असलं तरी वळलेल्या कपाळावर ते उभट लंबगोल दिसतं. पूर्ण गोल काढलं की कपाळ पत्र्यासारखं सपाट होतं.

दुरुस्ती करताना बुबुळांना हात लावला नाही, गाल कापला. पार्श्वभूमीचा रंग, म्हणजे रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि थोडा पांढरा, बाहेरून आत आणत गालाची कड चार मिलिमीटर आत घेतली. त्याआधी जुन्या रंगाची उंच धार दाढीच्या पात्याने आडवी खरवडून घेतली. ती धार तशीच ठेवली तर रंग कितीही जुळला तरी तिरप्या उजेडात जुनी कड भुतासारखी दिसत राहते. मग पलीकडच्या डोळ्याचा बाहेरचा पांढरा भाग झाकला. बुबुळं जिथे होती तिथेच राहिली आणि नजर एका ठिकाणी आली.

आरसा ही आणखी एक फुकटची तपासणी. ईझलकडे पाठ करून हातातल्या आरशात चित्र आणि मॉडेल दोन्ही उलटे पाहायचे. सवयीने न दिसणारं झुकलेपण लगेच दिसतं. माझ्या चित्रात तोंडाची रेषा डोळ्यांच्या रेषेला समांतर नव्हती. मोजून पाहिलं तर छायेतला कोपरा दोन मिलिमीटर खाली उतरला होता, आणि चेहरा नाराज दिसण्याचं तेच कारण होतं. ‘थोडं हसू वाढव’ अशीही एक सूचना आली होती. ती मी मानली नाही. हसू वाढवायचं नव्हतं, नसलेली नाराजी काढायची होती.

आता ‘रंग मळलाय’. हा शेरा ऐकला की नवीन माणूस शुद्ध लाल आणि पिवळा घेऊन धावतो. मी आधी मोबाइलमध्ये चित्राचा कृष्णधवल फोटो काढला, तसाच आजींचाही, आणि दोन्ही शेजारी ठेवून डोळे किलकिले करून पाहिले. १ म्हणजे पांढरा आणि ९ म्हणजे काळा अशी पट्टी धरली तर आजींच्या गालावरचा उजेड ४, हाफटोन (उजेडाची छायेकडे वळणारी मधली छटा) ५, छाया ७ होती. माझ्या चित्रात हाफटोन ६ वर उतरला होता, आणि जबड्याखाली लुगड्यावरून परत आलेला उजेड मी साडेपाचवर नेऊन ठेवला होता. म्हणजे छायेतला परावर्तित उजेड उजेडाकडच्या हाफटोनपेक्षाही उजळ. छायेतली सगळ्यात उजळ जागा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच हवी. हा नियम मोडला की उजेड आणि छाया एकमेकांत मिसळतात आणि डोळ्याला तो गोंधळ मळ वाटतो. परावर्तित उजेड साडेसहावर खाली आणला, हाफटोन ५ वर उचलला. एकही नवा रंग न घेता ‘मळ’ गेला.

डोळ्यातला पांढरा भागही याच पट्टीवर पाहावा. तो पांढरा कधीच नसतो. पापणीच्या सावलीत तो ५ च्या आसपास येतो: पांढऱ्यात रॉ अंबर आणि कणभर अल्ट्रामरीन. नुसता पांढरा ठेवला की डोळे वटारलेले दिसतात.

राखटपणाचं कारण मात्र खरंच रंगात होतं, आणि आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ कातडीत हा दोष फार वेळा होतो. प्रत्येक छटा उजळ करायला टायटॅनियम व्हाइट टाकत गेलं की रंग उजळतो तसाच थंड आणि खडूसारखा होतो. मी पॅलेटवर पुन्हा तीन ढीग केले. उजेडासाठी यलो ऑकर तीन भाग, बर्न्ट सिएना दोन, पांढरा दोन आणि व्हर्मिलियनचा स्पर्श. हाफटोनला त्यातच पांढरा कमी, बर्न्ट सिएना जास्त आणि कणभर व्हिरिडियन. छायेसाठी बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, थोडं अलिझरिन, आणि पांढरा अजिबात नाही. एखादी जागा उजळ करायची झाली तर आधी ऑकरने बघायचं, नाहीच भागलं तर पांढरा. छायेचा थर पातळ आणि पारदर्शक ठेवायचा, उजेडाचा जाड. पणजीत फोंतेन्यश भागातल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. तिथे छायेतली कातडी जवळून बघावी. गडद असूनही ती बंद होत नाही.

हायलाइटवरून, म्हणजे चेहऱ्यावरच्या सगळ्यात उजळ ठिपक्यांवरून, गटातल्या दोघांची मतं उलट पडली. एक म्हणाला, वाढव. ताई म्हणाल्या, कमी कर. ऐकताना वाटतं, यातलं एकच खरं असणार. पण मी कपाळ, नाक, गाल, खालचा ओठ आणि हनुवटी अशा पाच ठिकाणी सारख्याच ताकदीचे ठिपके दिले होते. पाच सारखे असले की एकही चमकत नाही, आणि चेहरा घामेजलेला दिसतो. नाकाच्या शेंड्यावरचा वाढवला, कपाळावरचा एक पायरी उतरवला, बाकीचे हाफटोनमध्ये बुडवले. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असल्याने तो ठिपका पिवळट नको, पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन हवा. दिव्याच्या उजेडात बसवलेल्या मॉडेलला नेमकं उलट होतं: उजेड उबदार, छाया थंड.

इथवर येताना एक दुरुस्ती बिघडली. सुकलेल्या छायेत एक डाग जुळवायचा होता. रंग अगदी बरोबर मिसळला, लावला, आणि दोन दिवसांनी तो ठिगळासारखा वेगळा दिसू लागला. कारण खालचा थर ‘बसला’ होता. खालच्या थराने तेल शोषून घेतलं की गडद जागा निस्तेज होते, खरी असते त्यापेक्षा फिकट आणि राखाडी दिसते. मी त्या खोट्या फिकटपणाशी रंग जुळवला होता. यावर उपाय म्हणजे दुरुस्तीआधी तेल फिरवणं: जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान, मऊ सुती कापडावर थोडं घेऊन फक्त त्या भागावर चोळायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं. खरा रंग परत दिसतो, आणि नवा रंग त्याच्याशी जुळवता येतो. तेल पुसून घेतलं नाही तर वर पिवळट साय धरते. थर पक्का सुकलेला असेल तरच हे करायचं. कोपऱ्यात नख टेकवून खूण उठते का ते आधी पाहावं.

सुकण्याचा हिशेबही डोक्यात ठेवावा लागतो. अंबर आणि बर्न्ट सिएना दोन-तीन दिवसांत हाताला लागत नाहीत. अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक फार वेळ घेतात, आणि पावसाळ्यात सगळंच लांबतं. हळू सुकणाऱ्या रंगावर लवकर सुकणारा, किंवा तेलकट थरावर नुसत्या टर्पेंटाइनचा पातळ थर चढवला की वरचा थर तडकतो. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, पुढे प्रत्येक थरात तेल वाढत जाणार, हा क्रम दुरुस्तीतही मोडायचा नाही.

ओला रंग फार साचला तर खरवडण्यापेक्षा वर्तमानपत्राचा कागद त्यावर ठेवून तळहाताने दाबायचा आणि सोलून काढायचा. वरचा जादा रंग कागदावर येतो, ड्रॉइंग खाली राहतं, कडाही मऊ होतात. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकवणारे हेन्री टाँक्स हे करायला लावत, म्हणून इंग्लंडमध्ये या कृतीला त्यांचंच नाव आहे. ओठांसाठी मी हे दोनदा केलं.

केसांचा टोप काढायला केसांना हात लावावा लागला नाही. दोष कपाळाच्या कडेचा होता: सुकलेल्या कपाळावर ओल्या करड्या रंगाची धारदार रेषा. कपाळाच्या वरच्या अर्ध्या इंचावर कातडीच्या हाफटोनचा पातळ ओला थर दिला, त्यात करडा रंग (आयव्हरी ब्लॅक, पांढरा, रॉ अंबर) ओल्यातच ओढला आणि कोरड्या मऊ ब्रशने सीमेवर एकदाच आडवा हात फिरवला. पांढऱ्या बटा फक्त उजेडाच्या बाजूला, चार-पाच. अंबाड्याकडची मागची कड पार्श्वभूमीत हरवू दिली. धारदार कडा तीनच ठेवल्या: जवळची पापणी, नाकाची उजेडाकडची बाजू आणि गळ्यापाशी पदराचा काठ.

नथ शेवटी. ती चिकटवलेली दिसत होती, कारण तिची सावलीच नव्हती. नथ नाकापासून सुटी लोंबते, त्यामुळे उजेडाच्या विरुद्ध बाजूला, वरच्या ओठावर आणि गालाच्या सुरुवातीला तिची सावली पडते. ती कातडीच्या छायेच्याच रंगात, मऊ कडेने काढली आणि नथ ओठापासून बाहेर आली. मोत्याला पांढरा गोळा नको: मधला टोन करडा, खालच्या बाजूला कातडीचा तांबूस परावर्तित उजेड, आणि दोन नंबरच्या ब्रशने एकच ठिपका. सोन्याची तारही पिवळी नसते. ऑकर आणि रॉ अंबर, एका वळणावर तेवढी उजेडाची रेघ.

दुसऱ्यांदा चित्र ठेवलं तेव्हा डोळ्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. नजर आधी जवळच्या डोळ्यावर जाते, मग नथीवर, असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं. मला तोच क्रम हवा होता. पार्श्वभूमीत पडदा घालायची सूचना एकाने पुन्हा केली, ती मी सोडून दिली. कानाची पाळी मात्र जड आहे, हे सर म्हणाले आणि मलाही दिसतं. पण तिथे अलिझरिनचा थर अजून नखाला लागतो. तो सुकला की तेल फिरवून पाळी तेवढी उतरवायची आहे. वार्निश त्यानंतर सहा महिने तरी नाही. तोवर चित्र उजेड येणाऱ्या भिंतीवर, समोरची बाजू उघडी ठेवून टांगलं आहे, कारण अंधारात सुकणारं जवसाचं तेल पिवळं पडतं.